अण्णांसाठी हातांची लाकडी खुर्ची : लाकूड, मापे आणि सांधे

प्रश्न
गोदाकाठ, परभणी

नमस्कार. माझ्या वडिलांसाठी घरच्या घरी एक हातांची लाकडी खुर्ची करण्याचा विचार आहे आणि त्याबाबत येथील जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. अण्णांचे वय ८१, उंची ५ फूट ४ इंच, अंगाने किरकोळ, आणि दोन्ही गुडघे संधिवाताने धरलेले. आयुष्यभर ते ओसरीत सतरंजीवर नाहीतर बाजेवर बसत आले. आता जमिनीवरून उठणे होत नाही, आणि बाजेला झोळ पडल्यामुळे तिच्यातूनही कोणी हात दिल्याशिवाय उठवत नाही. म्हणून प्लास्टिकची खुर्ची आणली, परंतु ती वजनाला इतकी हलकी आहे की त्यांनी हातांवर भार दिला की ती शहाबादी फरशीवरून मागे सरकते. शहरातील दुकानांतून सोफे आणि आरामखुर्च्या पाहून आलो. त्या सगळ्या बुटक्या, खोल आणि मऊ आहेत. त्यांत अण्णा बसतील, पण उठतील कसे, या प्रश्नाचे उत्तर दुकानदाराकडे नव्हते.

मी शिक्षक आहे आणि सुतारकाम माझी हौस आहे. पाट, चौरंग, देव्हारा आणि एक दिवाण एवढे काम हातून झाले आहे. खुर्ची मात्र कधी केलेली नाही. रंधा, पटाश्या, करवत, गुण्या, कानस, चार शिकंजे आणि विजेवर चालणारे एक ड्रिल, एवढी हत्यारे घरात आहेत. लाकूड दोन प्रकारचे आहे. जिंतूर तालुक्यातील आमच्या गावच्या घराचे माळवद (मातीचे सपाट छप्पर) उतरवले तेव्हा निघालेली सागाची एक तुळई आहे. ती सुमारे ७ फूट लांब, ८ इंच रुंद आणि ६ इंच जाड असून धुराने काळी पडली आहे. दुसरे, बांधावरच्या बाभळीचा एक बुंधा गेल्या उन्हाळ्यात तोडून गोठ्यात ठेवलेला आहे.

अण्णांची जी मापे घेता आली ती अशी : चप्पल घालून बसल्यावर जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत १६ इंच, पाठ भिंतीला टेकवून बसल्यावर भिंतीपासून त्याच घडीपर्यंत १८ इंच, बैठकीपासून कोपरापर्यंत साडेआठ इंच. या मापांवरून खुर्ची किती उंच आणि किती खोल ठेवावी, दोन्हीपैकी कोणते लाकूड कोठे वापरावे, आणि स्क्रू न मारता केवळ सांध्यांवर खुर्ची उभी राहावी अशी इच्छा असेल तर ते सांधे कसे घ्यावेत, हे कृपया कोणीतरी सविस्तर सांगावे. बैठक नवारीची करावी की फळीची, याबद्दलही घरात एकमत नाही.


उत्तर
रंधा, नांदेड

नमस्कार गुरुजी. लाकडाची चिंता तुम्ही करू नये, कारण तुमच्या हाती जी तुळई आहे तसे लाकूड आज वखारीत मागून मिळत नाही. किनवट-माहूरच्या जंगलातला साग असो की आलापल्लीचा, आता तोडलेल्या झाडाला पुरते वाळायला वेळ द्यावा लागतो. माळवदाखालची तुळई मात्र कित्येक उन्हाळे-पावसाळे छपराखाली राहून वाळलेली असते आणि तिला जेवढे वाकायचे, पिळायचे असते तेवढे ती वाकून-पिळून बसलेली असते. वरचा काळपटपणा रंध्याच्या पहिल्या दोन-तीन हातांत निघून जाईल. तत्पूर्वी दोन गोष्टी पाहून घ्या. भिंतीत गेलेली टोके वाळवीने पोखरलेली असण्याचा संभव असतो, तेव्हा हातोडीने ठोकत जा आणि जेथे आवाज बद येईल तेथपर्यंतचा भाग कापून टाका. दुसरे, जुन्या तुळईत लोहाराने घडवलेले खिळे आत मोडून राहिलेले असतात व वरून दिसत नाहीत. आरागिरणीवर नेण्याआधी चांगले चुंबक चारही बाजूंनी फिरवा, नाहीतर गिरणीवाला पाते गेल्याचे पैसे मागेल आणि ते मागणे रास्तच असेल.

८ इंचांच्या रुंदीतून पावणेदोन इंच जाडीच्या चार फळ्या निघतील आणि प्रत्येक फळी ६ इंच रुंद राहील. मागचे पाय जमिनीपासून पाठीच्या टोकापर्यंत एकसंध असतात आणि बैठकीच्या वर ते मागे झुकलेले असतात. हा झोक सरळ पट्टी वाकवून येत नाही, तो रुंद फळीतून कापूनच काढावा लागतो. ४० इंच लांबीचा पाय धरला, तर बैठकीच्या वर सुमारे २२ इंच राहतात, आणि तेवढ्या उंचीत १० अंशांचा झोक दिला की टोक जवळजवळ ४ इंच मागे जाते. पायाची जाडी मिळवली की साडेपाच इंच रुंदी लागतेच. म्हणून या दोन पायांसाठी सर्वांत सरळ रेषेची फळी निवडा. दोन्ही पाय एकापुढे एक तिच्यातच बसतात. पुठ्ठ्याचा साचा कापून फळीवर ठेवा आणि बैठकीच्या पट्ट्या जेथे पायात शिरतात त्या भागात लाकडाच्या रेषा उभ्या, सलग जातील अशा बेताने तो सरकवा. तेथे रेषा तिरप्या गेल्या तर पाय पुढेमागे तेथेच चिरतो.

सांधे खाच-कुसवाचेच घ्या, म्हणजे एका लाकडात खाच कोरायची आणि दुसऱ्याच्या टोकाला तिच्यात बसणारे कुसू काढायचे. पाय पावणेदोन इंच चौरस ठेवला, तर कुसू ४ सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाड आणि सव्वा इंच लांब असावे. बैठकीच्या चारही पट्ट्या एक इंच जाड आणि ३ इंच रुंद घ्या. रुंदी जितकी जास्त तितका सांधा हलायला कमी वाव. पुढच्या आणि बाजूच्या पट्टीची कुसवे एकाच पायात काटकोनात येऊन भिडतात, तेव्हा त्यांची टोके ४५ अंशांत तिरपी कापा, म्हणजे दोघांनाही पूर्ण लांबी मिळेल. खाच आधी खणा आणि कुसू नंतर खाचेच्या मापाने रंधत आणा. कुसू हाताच्या दाबाने अर्धे शिरावे आणि उरलेले मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी, इतकेच घट्ट हवे.

स्क्रू नको असेल तर ओढखुंटी मारा. खाचेतून आरपार जाणारे ३ सुतांचे भोक आधी पायाला पाडावे. मग कुसू कोरडेच आत बसवून त्या भोकातून ड्रिलच्या टोकाने कुसवावर खूण करावी. नंतर कुसू बाहेर काढून, केलेल्या खुणेवर भोक न पाडता ते अर्धा सूत खांद्याच्या, म्हणजे कुसू जेथून सुरू होते त्या पायरीच्या, बाजूला सरकवून पाडावे. आता जोडणी करून टोकाला निमुळती केलेली खुंटी ठोकली की दोन्ही भोके एका रेषेत येण्याच्या धडपडीत ती कुसवाला आत ओढून धरते, आणि सरस पुढेमागे सुटला तरी सांधा सुटत नाही. या खुंट्यांसाठी तुमची बाभूळ उत्तम आहे. बुंध्यातला लालसर गाभा घ्या, पांढरी साल-लाकडाची बाजू टाकून द्या, कारण तिला भुंगा लागतो. खुंटीचा तुकडा करवतीने न कापता पटाशीने रेषेवर फोडून घ्या, म्हणजे रेषा आरपार राहते.

याहून जास्त बाभूळ मी या खुर्चीत वापरणार नाही. गाडीची चाके, औते, नांगर तिचे होत आले, ताकदीला ती सागाहून सरस आहे. पण जाड लाकडाला वाळायला इंचामागे साधारण एक वर्ष धरतात आणि तुमचा बुंधा अजून आतून ओला असणार. ओल्या लाकडाची पट्टी वैशाखात आकसेल आणि कुसू खाचेत खुळखुळेल. त्याच्या फळ्या पाडून, टोकांना शेण किंवा रंग फासून, सावलीत थप्पी लावून ठेवा. पुढच्या कामाला येतील.

ता. क. कोणी बांधावरचा साग तोडून असे काम करू म्हणत असेल, तर साग हा १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या यादीतला वृक्ष आहे आणि स्वतःच्या शेतातला असला तरी परवानगीवाचून तोडता येत नाही, हे ध्यानात असावे.


उत्तर
चालते-फिरते, छत्रपती संभाजीनगर

मी भौतिकोपचार करते आणि लाकडातले मला काही कळत नाही. परंतु खुर्चीतून उठू न शकणारी माणसे रोज पाहते, म्हणून मापांबद्दल लिहिते.

वृद्ध माणसाची खुर्ची बसण्यासाठी करायची असा आपला समज असतो, प्रत्यक्षात ती उठण्यासाठी करावी लागते. बसलेला माणूस उठतो तेव्हा तो आधी पुढे सरकतो, पावले गुडघ्यांच्या मागे ओढून घेतो, धड पुढे झुकवतो आणि मग मांडीच्या पुढच्या स्नायूंवर स्वतःला उचलतो. वयानुसार हे स्नायू क्षीण होतात, आणि गुडघा दुखत असेल तर ते पूर्ण ताकदीने आवळलेही जात नाहीत. अशा वेळी बैठक जितकी खाली, तितका गुडघ्यावरचा भार वाढतो. या विषयावरील अभ्यासांचे २००२ मधील एक समीक्षण आहे. त्यात उंच बैठकीने गुडघ्यावरचा बलाघूर्ण (सांध्याला वळवणारा जोर) ६० टक्क्यांपर्यंत कमी होतो असे नोंदवले आहे, आणि हातांचा आधार घेतल्याने खुब्याच्या सांध्यावरचा भारही बराच उतरतो.

अण्णांचे गुडघ्यामागचे माप चपलेसह १६ इंच आहे. निरोगी माणसाला तेवढीच बैठक सोयीची झाली असती. त्यांच्यासाठी ती दीड ते दोन इंच वर, म्हणजे साडेसतरा ते १८ इंच ठेवावी. दवाखान्यात आम्ही एक साधी चाचणी घेतो : हातांच्या खुर्चीतून उठायचे, ३ मीटर चालायचे, वळून परत यायचे आणि बसायचे. १९९१ पासून ती जगभर वापरात आहे आणि तिच्यासाठीची खुर्ची सुमारे ४६ सेंटिमीटर, म्हणजे १८ इंच उंच धरतात. तेव्हा हे माप काही वावगे नाही. मात्र याच्या पुढे जाऊ नये. पावले पूर्ण टेकली नाहीत तर बैठकीची कड मांडीखाली रुतते, पाय सुजतात, आणि उठताना जमिनीला रेटा देता येत नाही.

हे १८ इंच गादी दबल्यानंतरचे माप आहे, हे कृपया विसरू नये. तीन इंचांचा मऊ फोम माणूस बसला की इंचभर उरतो आणि केलेले सगळे गणित फुकट जाते. दोन इंचांचा घट्ट फोम घ्यावा. सुती गादी हवी असेल तर ती आधी महिनाभर कोणीतरी बसून दाबून घ्यावी आणि मगच माप धरावे.

खोली १६ इंच पुरे. भिंतीपासून घडीपर्यंतचे माप १८ असले तरी घडी आणि बैठकीची कड यांच्यात दोन-तीन बोटे शिरली पाहिजेत. खोली जास्त झाली की पाठ टेकत नाही, माणूस घसरून कुबड काढून बसतो आणि उठण्यासाठी त्याला आधी बराच वेळ पुढे सरकत यावे लागते. बैठकीला मागच्या बाजूला अर्धा इंच उतार असावा, अधिक नको. ऐटदार आरामखुर्च्यांना जो दोन-तीन इंचांचा उतार असतो तो वामकुक्षीसाठी चांगला, गुडघेदुखीला नाही.

पुढच्या दोन पायांना जोडणारी खालची आडवी पट्टी अजिबात घेऊ नये, अशी रंधादादांनाही विनंती आहे. पावले मागे घ्यायला तेथे मोकळी जागा लागते. पट्टी असली की टाच तिला अडते, आणि अडलेली टाच घेऊन उठणारा माणूस तोल जाऊन पुढे पडतो.

आणि हात. तेच या खुर्चीतले सर्वांत महत्त्वाचे अंग. दबलेल्या बैठकीपासून ते आठ ते साडेआठ इंच वर असावेत, आणि बैठकीच्या पुढच्या कडेच्या बरोबरीने किंवा इंचभर पुढे यावेत. अलीकडे दिसायला बरे म्हणून हात मागेच तोडतात; तसे केले तर उठण्याच्या ऐन क्षणी, जेव्हा शरीर पुढे आलेले असते, तेव्हा तळहाताखाली काहीच राहत नाही. टोक गोलसर असावे, बोटांनी त्याला खालून कवळ घालता आली पाहिजे. संधिवाताच्या बोटांना बारीक गोल दांडी धरवत नाही, तळवा पूर्ण टेकेल असा अडीच-तीन इंच रुंद हात त्यांना सोसतो.

कोणाच्या घरी खुब्याचा सांधा बदललेली व्यक्ती असेल, तर ही मापे जशीच्या तशी उचलू नयेत. अशा रुग्णांना बहुधा काही काळ खुबा काटकोनापेक्षा जास्त न वाकवण्याची ताकीद असते, तेव्हा बैठक गुडघ्यांच्या वर राहील याची खात्री आपल्या शल्यचिकित्सकाला विचारून करून घ्यावी.


गोदाकाठ, परभणी

दोघांचेही मनापासून आभार. ताईंचे उत्तर अण्णांना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी एक वेगळीच अडचण काढली आणि ती रास्त आहे. त्यांना खुर्चीवरसुद्धा एक पाय वर घेऊन, अर्धी मांडी घालून बसण्याची सवय आहे. प्लास्टिकच्या खुर्चीत ते तसे बसतात तेव्हा गुडघा हाताच्या बाहेर काढतात आणि दहा मिनिटांत पायाला मुंग्या येतात. दोन हातांमधले अंतर वाढवावे, तर ताई म्हणतात तसा रेटा देताना कोपर बाहेर फाकतील, असे मला वाटते. या दोहोंचा मेळ कसा घालावा? शिवाय हात पुढच्या पायाला कसा जोडावा, हेही रंधादादांनी सांगावे. सगळा भार तेथेच येणार आहे.


उत्तर
माळवद, औसा

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकाम शिकवत असे. आमच्या भागात ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर माळवदांची लोकांनी धास्तीच घेतली, कारण दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवरचे जड धाबे यांनीच माणसे मारली होती. उतरवलेल्या माळवदांचा साग माझ्या हाताखालून पुष्कळ गेला आहे, म्हणून रंधा यांनी त्याच्याबद्दल जे लिहिले त्याला माझा पूर्ण दुजोरा आहे. एका बाबतीत मात्र मी त्यांच्या पुढे जाऊन सांगेन : चांगल्या लाकडाला हात लावण्याआधी खुर्चीचा कच्चा सांगाडा करा. वखारीतल्या पॅकिंगच्या फळ्या आणि खिळे एवढ्यावर तो होतो. त्याची बैठक साडेसतरा इंचांवर ठेवा, वर पाव इंचाच्या प्लायचे तुकडे एकेक वाढवत जा, आणि अण्णांना प्रत्येक उंचीवरून उठायला सांगा. अर्थात शेजारी एक माणूस उभा ठेवून. ज्या उंचीला ते हातांना झटका न देता, एका दमात उठतात, ते तुमचे माप. कागदावरचे दीड-दोन इंच येथे एका दुपारी ठरून जातात, आणि हातांची उंचीही त्याच सांगाड्यावर अशीच फळ्या वर-खाली करून ठरवता येते.

आता मांडीचा प्रश्न. सर्वसाधारण माणसाला हातांमध्ये १९ इंचांची मोकळी जागा पुरते. अण्णांसाठी ती साडेवीस करा. कोपर फाकतील ही तुमची शंका बरोबर आहे, पण तिचा उपाय हाताच्या आकारात आहे. हाताची पट्टी एकसारखी सरळ न ठेवता मागे बाहेरच्या बाजूला वळती आणि पुढे आत आलेली घ्या, म्हणजे मागे, जेथे गुडघा येतो तेथे, साडेवीस इंच मिळतात, आणि पुढे, जेथे तळवा रेटतो तेथे, अंतर १९ वर येते. त्यासाठी पुढचे पाय मागच्यांहून दूर न मांडता जवळ मांडावे लागतील. म्हणजे आपण नेहमी बैठक पुढे रुंद आणि मागे अरुंद करतो, त्याच्या नेमके उलटे होईल. दिसायला ते थोडे अनोळखी वाटेल आणि बाजूच्या पट्ट्यांच्या कुसवांचे खांदे काटकोनात न येता किंचित तिरपे कापावे लागतील. त्यासाठी गुण्याऐवजी सरकता कोनमापक वापरा आणि चारही खांदे एकाच मापाने आखा. तेवढा त्रास घेण्याजोगा आहे. पुढच्या पायांच्या जागेला मात्र यापेक्षा आत आणू नका. एकाच हातावर भार देऊन उठण्याची सवय असेल तर अरुंद पुढाव्याची खुर्ची कडेला कलते.

हात आणि पुढचा पाय यांचा सांधा असा घ्या. पुढचा पाय बैठकीवर न थांबवता सरळ वर हातापर्यंत न्या आणि त्याच्या माथ्यावर कुसू काढा. ते हाताच्या फळीतून आरपार वर येऊ द्या, वरून त्याला चीर देऊन तीत बाभळीची पाचर ठोका, आणि वर आलेला भाग पटाशीने साफ करा. पाचरेची चीर हाताच्या रेषांना आडवी असावी. ती रेषांच्याच दिशेने घेतली तर पाचर हाताची फळी उभी फाडते. आडवी घेतली की तिचा दाब रेषांच्या टोकांवर येतो आणि लाकूड तो सोसते. हाताचे मागचे टोक मागच्या पायाला नुसते टेकवून चालणार नाही. पायाला दोन सूत खोल खाच घेऊन हाताचा खांदा तीत बसवा आणि मग कुसू व ओढखुंटी द्या, म्हणजे वरून येणारा भार खाचेच्या काठावर उतरतो, खुंटीवर नाही.

खालच्या पट्ट्यांबद्दल ताईंचे म्हणणे अगदी योग्य आहे. बाजूच्या दोन पट्ट्या जमिनीपासून ५ इंचांवर घ्या आणि त्या दोहोंना जोडणारी तिसरी पट्टी त्यांच्या मध्यापासून थोडी मागे टाका. ताकदही राहते आणि टाचांना वाटही मिळते. मागच्या पायांची खालची टोके एक-दीड इंच मागे काढा, नाहीतर पाठीवर रेलल्यावर खुर्ची मागे उलटण्याची भीती असते.

बैठक नवारीची की फळीची, या घरच्या वादात मी फळीच्या बाजूने आहे. नवार उन्हाळ्यात हवेशीर असते हे खरे, परंतु ती काही महिन्यांत सैल पडते, मध्ये झोळ येतो, आणि तुम्ही प्लायचे तुकडे लावून ठरवलेली उंची त्या झोळात जाते. बाजेचे जे झाले तेच खुर्चीचे होईल. अडीच इंच रुंदीच्या सागाच्या पट्ट्या दोन-दोन सुतांची फट सोडून बसवा. मधल्या पट्ट्यांना अगदी हलका खोलगटपणा रंध्याने द्या. पुढची पट्टी मात्र वरून चांगली गोल करा, मांडीला कड लागता कामा नये. वर गादी आणि तिला काढून धुता येईल असा सुती अभ्रा. रेक्झिन घेऊ नये, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते अंगाला चिकटते. म्हातारपणी कधी रात्री-अपरात्री ओले होण्याची वेळ येते, त्यासाठी अभ्र्याच्या आत प्लास्टिकचा कागद घालून ठेवला की गादी वाचते आणि कोणाला त्याची वाच्यताही करावी लागत नाही.

एक छोटी गोष्ट राहिली. उजव्या हाताच्या मागच्या अंगाला काठी अडकवण्यासाठी गोलसर खाच घ्या. जमिनीवर पडलेली काठी उचलण्यासाठी बसल्या जागेवरून वाकणे हे पडण्याचे एक हमखास निमित्त आहे.


उत्तर
रंधा, नांदेड

औशाच्या सरांनी हाताचा सांधा माझ्यापेक्षा नीट समजावला, त्यात भर घालण्यासारखे काही नाही. पुढे अरुंद करण्याची कल्पना मला आधी पटली नव्हती. कागदावर आखून पाहिल्यावर पटली.

पॉलिशबद्दल कोणी बोलले नाही म्हणून तेवढे लिहितो. लाखेचे पॉलिश दिसायला देखणे असते, पण चहाचा गरम कप ठेवला की त्यावर पांढरे कडे उमटते, आणि हाताच्या घामाने ते पुढच्या टोकाशी लवकर उडते. या खुर्चीला जवसाचे तेल द्या. घाण्यावरचे कच्चे तेल नको, ते सुकायला दिवसच्या दिवस घेते आणि तोवर धूळ धरते; हार्डवेअरच्या दुकानात उकळलेले, डबल बॉइल्ड म्हणून मिळते ते आणा. बारीक पॉलिश पेपर मारून झाल्यावर पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेले तेल कोरड्या कापडाने पूर्ण पुसून काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन हात पुरतात, आणि पुढे वर्षातून एकदा घरच्या घरी देता येतो. तेलाने भिजलेल्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते आणि चिंध्यांच्या ढिगात ती कोंडून आपोआप आग लागते. एप्रिल-मेच्या उन्हात तर विचारूच नका. चिंध्या दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मगच फेका.

शेवटी पाय समतल करणे. शहाबादी फरशी कुठेच सपाट नसते, तेव्हा ओसरीत खुर्ची ठेवून, डुगडुगते म्हणून पाय कापत बसू नका, ते काम संपत नाही. प्लायच्या किंवा काचेच्या सपाट तक्त्यावर ठेवून चारही पाय एकदाच जुळवा, खालच्या कडा कानशीने मोडा आणि जाड रबरी बूच बसवा. बुचाची जाडी १८ इंचांत धरलेली असावी. फरशीची उरलेली डुगडुग ते रबर सोसते, आणि तुमच्या प्लास्टिकच्या खुर्चीसारखी ती मागेही सरकणार नाही.

एक राहिलेच : मागच्या पायांचा साचा कापलात की त्याचा फोटो येथे टाका. फळीवरच्या रेषा कशा जातात ते पाहून तो कोठे ठेवायचा हे सांगता येईल. करवत त्यानंतर लावा.